शिअर बँड उमटतच नाही: धातू-काचेचा नमुना दर वेळी काकवीसारखा का वाहतो

लक्षण एकच, दर वेळी तेच. तांबं ६४ टक्के आणि झिर्कोनियम ३६ टक्के अशी धातू-काच, म्हणजे अणूंची स्फटिकासारखी शिस्तशीर रांग नसलेला धातू, लॅम्प्समध्ये (अणूंची हालचाल कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) वितळवली, थंड केली, दोन्ही बाजूंनी ओढली. रन सुरळीत संपला, एररची एक ओळ नाही. अणूंचं चित्र दाखवणाऱ्या ओव्हिटोत उघडून बघावं तर सगळा नमुना सारखाच हिरवट. ज्या तिरप्या पट्ट्यात सगळं विरूपण एकवटायला हवं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो शिअर बँड कुठेच नाही. नमुना लांबतो, बारीक होतो, पळीवरून काकवीची धार सुटावी तसा.

माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मी तीन आठवडे भलतीकडेच शोधत होते. स्ट्रेन-रेट (ओढण्याचा वेग) बदलून पाहिला, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) बदलला, पोटेन्शियलची (अणूंमधल्या बलांची) फाइल बदलली, ओव्हिटोतले रंगसुद्धा बदलले. त्यानंतर बडोद्यातल्या आणि बाहेरच्या बऱ्याच मुलामुलींनी हीच तक्रार घेऊन फोन केला, आणि बहुतेकांनी शोधही तिथूनच सुरू केलेला असतो जिथून मी केला होता. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते. लॅम्प्स चालवता येतं हे गृहीत धरलंय. स्ट्रेस-स्ट्रेनला प्रतिबल आणि विकृती म्हणायला हवं हे मला ठाऊक आहे, पण लॅबमध्ये कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.

आधी वक्र, मग रंग

ओव्हिटो बंद करा आणि स्ट्रेस-स्ट्रेनचा वक्र काढा. दुखणं कुठे आहे ते चित्रापेक्षा वक्र लवकर सांगतो.

वक्र चढला आणि कुठेही शेंडा न काढता वाकून आडवा झाला, तर दोष काचेतच आहे. थंड करताना घात झालाय. शेंडा आला, पण पुढचा उतार लांबलचक, रेंगाळलेला, आणि चित्रात काही धूसर ढग दिसतात, तर नमुन्याचा आकार आणि सीमा तपासा. शेंडा आला आणि मग कड्यावरून ढकलल्यासारखा स्ट्रेस कोसळला, तरी चित्र सपाटच, तर अभिनंदन: बँड आलेला आहे, तुम्हाला दिसत नाहीये एवढंच. आणि वक्र शून्यापासून सुरूच होत नसेल, किंवा चढ अर्धाच वाटत असेल, तर बाकी सगळं राहू द्या, आधी हिशेब तपासा. हिशेबापासूनच सुरू करू, कारण ते दहा मिनिटांचं काम आहे.

वक्रच खोटा असेल तर

लॅम्प्सच्या मेटल युनिट्समध्ये वेळ पिकोसेकंदात असतो आणि दाब बारमध्ये. फिक्स डिफॉर्ममध्ये (बॉक्स ताणणारी आज्ञा) इरेट, म्हणजे स्ट्रेन-रेट, ०.००१ लिहिलं की ते पिकोसेकंदाला ०.००१, म्हणजे सेकंदाला १०० कोटी. सेकंदाला १० कोटी हवे असतील तर ०.०००१ लिहायचं. एक शून्य इकडचं तिकडे झालं की दहापट फरक पडतो, आणि लॅम्प्स तोंडातून चकार शब्द काढत नाही. शिवाय दाब आणि ओढ यांची चिन्हं उलटी असतात: ओढण्याच्या दिशेच्या दाबाला उणे करून १०,००० ने भागलं की गिगापास्कल मिळतात.

मग एक साधी तपासणी. तांबं-झिर्कोनियमच्या काचेचा यंग्स मॉड्युलस, म्हणजे वक्राचा सुरुवातीचा चढ, साधारण ८० ते ९० गिगापास्कलच्या घरात असतो. म्हणजे १ टक्का स्ट्रेनला स्ट्रेस पाऊण-एक गिगापास्कल यायला हवा. अर्धाच येतोय? बॉक्समध्ये नमुन्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी सोडली आहे का ते बघा. लॅम्प्स दाब काढताना अख्ख्या बॉक्सच्या घनफळाने भागतं, पोकळीसकट. बॉक्स निम्मा रिकामा असेल तर स्ट्रेसही निम्माच. बॉक्सचं घनफळ भागिले नमुन्याचं घनफळ, या गुणोत्तराने गुणून घ्या.

वक्र उणे किंवा अधिक काही तरी घेऊन सुरू होत असेल, तर बहुधा थंड करताना बॅरोस्टॅट (दाब राखणारा भाग) आयसो ठेवलेला असतो. आयसोमध्ये तिन्ही दिशांच्या दाबांची सरासरी शून्य होते, एकेक दिशेचा दाब शून्य होईलच असं नाही. ओढण्याआधी अॅनायसो (दर दिशा वेगळी) करून थोडा वेळ विसावू द्या. पोकळीच्या दिशेला मात्र बॅरोस्टॅट चुकूनही लावायचा नाही. बॉक्स आक्रसत नमुन्याला येऊन चिकटतो आणि तुमचा मोकळा पृष्ठभाग गायब होतो.

स्ट्रेन सगळीकडे शून्यच छापला जातोय, असाही एक फोन येतो. मूळ लांबी म्हणून जे व्हेरिएबल ठेवलंय ते दर पावलाला नव्याने मोजलं जातंय. सुरुवातीलाच त्याची किंमत गोठवून घ्या.

आणखी एक, जी चूक मी स्वतः केली आहे. पेअर कोएफच्या, म्हणजे पोटेन्शियल जोडणाऱ्या, ओळीत मूलद्रव्यांचा क्रम. डेटा फाइलमध्ये पहिला प्रकार तांबं आणि ओळीत आधी झिर्कोनियम, असं झालं की तुमची काच ६४ टक्के झिर्कोनियमची होते. ईएएमच्या (पोटेन्शियलच्या) फाइलमधून अणूंची वस्तुमानंही तीच भरली जातात, त्यामुळे कुठे विसंगती दिसत नाही. रन सुखाने चालतो. झिर्कोनियम जास्त असलेली ही काच मऊ असते, तिच्यात बँड धूसर होतो, आणि तुम्ही महिनाभर थर्मोस्टॅटला शिव्या देता. घनता तपासा: या मिश्रणात एका घन नॅनोमीटरमध्ये साठ-बासष्टच्या आसपास अणू मावतात. त्यापेक्षा बरेच कमी निघाले तर क्रम बघा.

काच कच्ची राहिली

हा या दुखण्याचा खरा गड्डा. माझ्या अनुभवात दहातली सात प्रकरणं इथेच सुटतात, आणि दहाच्या दहा जण इथे सगळ्यात शेवटी येतात. कारण सरळ आहे: स्ट्रेन-रेट बदलायला एक आकडा बदलावा लागतो, काच नीट बनवायला आठवडा जातो.

मला हे कळलं ते लॅबमध्ये नाही. आमचं घर दांडिया बाजारात. वरच्या मजल्यावरचे काका मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचं काम करत होते. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरशी संबंध नसलेलं घर शोधावं लागेल, पण काकांचं काम अमॉर्फस कोअरचं, म्हणजे लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनच्या धातू-काचेच्या पट्टीचं. मी जिन्यात बसून रडकं तोंड करून लॅपटॉप बघत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं गं. मी सांगितलं. तुटायला हवं ते तुटत नाहीये, नुसतं वाहतंय.

ते आत गेले आणि खोक्यातून पट्टीचे दोन तुकडे घेऊन आले. जाडी २५ मायक्रॉनच्या आसपास, चकचकीत. पहिला तुकडा त्यांनी दुमडला, घडीवर नख फिरवलं, उलगडला. काही झालं नाही. दुसरा दुमडायला घेतला आणि तो खाकऱ्यासारखा कटकन मोडला.

"दोन्ही एकाच रिळातले," काका म्हणाले. "हा भट्टीतून आलेला, तो न गेलेला. भट्टीतून आली की ही पट्टी हाताळताना जीव मुठीत धरायला लागतो. तुझी पट्टी भट्टीत गेलीच नाही बहुतेक."

लोखंडाच्या पट्टीचा ठिसूळपणा आणि माझ्या नमुन्यातला शिअर बँड ही अगदी एकच गोष्ट नव्हे, हे कबूल. पण दिशा तीच. काच जितकी विसावलेली, तितकं तिचं विरूपण एका जागी एकवटतं. जितकी कच्ची, तितकं सगळीकडे पसरतं. दिवाळीत चिक्कीचा पाक उतरवायची घाई केली की तो तुकडे न पडता दाताला चिकटत राहतो. तिथे पाण्यामुळे, इथे दुसऱ्या कारणामुळे, पण कच्चेपणाची शिक्षा सारखी.

आता आकडे बघा. ती पट्टी फिरत्या तांब्याच्या चाकावर वितळलेला धातू ओतून बनते आणि सेकंदाला १० लाख केल्विन अशा वेगाने थंड होते. १९६० साली कॅलटेकमध्ये पोल डुवे यांच्या गटाने सोनं आणि सिलिकॉनची पहिली धातू-काच मिळवली तीही असल्याच झटपट थंड करण्याने. आणि आपण कॉम्प्युटरवर काय करतो? २००० केल्विनचा द्रव ५० केल्विनपर्यंत आणायला एक लाख पावलं देतो. एक पाऊल २ फेम्टोसेकंदाचं, म्हणजे एकूण २०० पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाला १० लाख कोटी केल्विन. खऱ्या पट्टीपेक्षा एक कोटी पट घाई. एवढ्या घाईत अणूंना आपापली जागा शोधायला फुरसतच मिळत नाही.

जागा म्हणजे काय, तेही सांगते, कारण तपासायचं तेच आहे. या मिश्रणात तांब्याच्या अणूभोवती बारा शेजारी जमून वीसपृष्ठी पिंजरा तयार होतो. व्होरोनॉय विश्लेषणात (त्यात दर अणूला भोवतीच्या जागेची एक पेशी वाटून देतात) त्याचा निर्देशांक शून्य, शून्य, बारा, शून्य असा येतो, कारण त्या पेशीला बारा पंचकोनी तोंडं असतात. हे पिंजरे काचेचा सांगाडा. ते कमी असतील तिथे काच पोचट. अली अर्गन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं चित्र असं की काचेत स्फटिकासारखे डिस्लोकेशन (अणूंच्या रांगेतले दोष) नसतात, तर काही मोजक्या अणूंचा एखादा झुबका ओढीखाली एकदम कूस बदलतो. त्याला शिअर ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात. कच्च्या काचेत असे कूस बदलायला टपलेले झुबके सगळीकडे असतात, म्हणून ओढ लागली की सगळे एकदम हलतात आणि नमुना वाहतो. पक्क्या काचेत ते मोजके असतात. एक हलला की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, शेजारी हलतो, आणि ही माळ तिरकी धावत जाते. तीच माळ म्हणजे बँड. वक्राचा शेंडाही तिथूनच येतो: सांगाडा मोडेपर्यंत स्ट्रेस चढतो, मोडला की उतरतो. शेंडा नाही म्हणजे मोडायला सांगाडाच नव्हता.

उपाय अर्थातच सावकाश थंड करणं. सेकंदाला एक लाख कोटी केल्विनला साधारण दहा लाख पावलं लागतात. माझ्या मते याहून घाई करूच नये. सेकंदाला १००० कोटी केल्विनला जवळजवळ दहा कोटी पावलं. दोन लाख अणूंच्या नमुन्यावर ती घरच्या मशीनवर चालवणं म्हणजे पुढच्या दिवाळीची वाट बघणं.

म्हणून मी मोठा नमुना कधी सावकाश थंड करत नाही. दहा हजार अणूंचा छोटा ठोकळा घेते, साडेपाच नॅनोमीटर बाजूचा, आणि तो हवा तितका सावकाश थंड करते. मग रेप्लिकेट करून त्याच्या प्रती शेजारी शेजारी रचते. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: रेप्लिकेट करताना वेगही जसेच्या तसे उतरतात. सगळे ठोकळे कवायतीसारखे एकसाथ हलत राहतात, आणि एकसाथ हलणाऱ्या ठोकळ्यांमध्ये एकाच जागी बँड फुटणार कसा? नव्या यादृच्छिक बीजाने वेग परत वाटा. दुसरा: प्रतींचा नक्षीदारपणा मोडायला काचेच्या संक्रमण तापमानाच्या (द्रवाची काच होते त्या) किंचित खाली काही वेळ तापवत ठेवा. या मिश्रणात ते तापमान ७०० केल्विनच्या आसपास येतं, पण दुसऱ्याचा आकडा उचलू नका. आपल्याच थंड करण्याच्या रनमधून घनफळ विरुद्ध तापमान काढून वळण कुठे आहे ते बघा. त्याच्या वर गेलात तर आठवडाभर सावकाश थंड करून कमावलेलं सगळं एका रात्रीत द्रवात विरघळतं. हे मी करून चुकले आहे. भट्टी म्हणजे भट्टी, कढई नव्हे, असं काका म्हणाले होते ते तेव्हा समजलं.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? दोन गोष्टी शेजारी ठेवा: दर अणूमागची स्थितिज ऊर्जा आणि त्या बारा-पंचकोनी पिंजऱ्यांचं प्रमाण. सावकाश थंड केलेल्या काचेत पहिली घटते, दुसरं वाढतं. तीनचार वेगवेगळ्या वेगांनी थंड करून हा कल दिसला, की काच तुमच्या ऐकण्यात आहे असं समजा.

बँडला बाहेर पडायला वाट नाही

काच पक्की, वक्राला शेंडा, तरी पट्टा धूसर. आता नमुन्याकडे बघा.

प्रयोगांमध्ये शिअर बँडची जाडी १० ते २० नॅनोमीटरच्या आसपास सापडते. सिम्युलेशनमध्ये ती त्याहून कमी निघते, पण तरी काही नॅनोमीटर. आता साडेपाच नॅनोमीटरच्या ठोकळ्यात तो मावणार कुठे? अख्खा ठोकळाच बँडच्या पोटात. तिथे जे दिसतं ते बँडच्या आतलं चित्र, आणि आत सगळं सारखंच वाहत असतं. दहा हजार अणूंच्या नमुन्यात बँड शोधणारा दर वर्षी किमान एक जण भेटतो. बिचाऱ्याचं सगळं बरोबर असतं.

माझा नेहमीचा आकार पट्टीसारखा: रुंदी २० नॅनोमीटर, लांबी ४०, जाडी ४. दोन लाखांच्या आसपास अणू. जाडीच्या दिशेला पिरिऑडिक, रुंदीच्या दिशेला मोकळा पृष्ठभाग, ओढायचं लांबीच्या दिशेला. जाडी कमी ठेवल्याने अणू वाचतात आणि बँड त्या दिशेला सरळ आरपार जातो.

मोकळा पृष्ठभाग का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बँड तिरका असतो. ओढताना ओढीच्या अक्षाशी ४५ अंशांपेक्षा जरा जास्त, दाबताना जरा कमी. तिन्ही दिशा पिरिऑडिक असतील तर तो एका भिंतीतून बाहेर पडून समोरच्या भिंतीतून परत आत येतो, आणि त्याला नेमकं स्वतःच्याच शेपटीला येऊन मिळावं लागतं. बॉक्सचं प्रमाण जुळलं तर ठीक, नाही तर तो दोन-तीन अर्धवट पट्ट्यांत फाटतो आणि तुम्हाला ढग दिसतात. एक बाजू मोकळी केली की त्याला वेशीबाहेर पडायला वाट मिळते.

पण ओढण्याच्या दिशेला बॉक्स अजूनही पिरिऑडिकच आहे. बँड सरकला म्हणजे नमुन्याचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा बाजूला सरकायला हवा. वरचं टोक आणि खालचं टोक तर एकमेकांना जोडलेलं! ते बाजूला सरकू देत नाही. मग नमुना काय करतो? उलट्या दिशेने दुसरा बँड काढतो, म्हणजे दोघांचं सरकणं एकमेकांना फेडून टाकेल, किंवा मधेच वाकतो. फुलीसारखे दोन बँड आले की मुलं घाबरून फोन करतात. घाबरू नका, ते तुमच्या सीमेचं बोलणं आहे. एकच स्वच्छ बँड हवा असेल तर नमुना लांब करा, किंवा ओढणं सोडून सरळ शिअर द्या. एक्स-वाय दिशेला बॉक्स तिरका करत गेलं की बँड भिंतीला समांतर येतो आणि हा सगळा तंटाच मिटतो. बँडची जाडी किंवा वाढ मोजायची असेल तर मी आता शिअरच देते.

पृष्ठभागावर छोटी खाच पाडून बँडला सुरुवात देतात, तेही चालतं. फक्त बँड कुठे आला हा शोध म्हणून लिहू नका. तो तुम्ही सांगितला तिथे आला.

घाई आणि उष्णता

स्ट्रेन-रेट मी मुद्दाम इतक्या उशिरा काढला. तो महत्त्वाचा नाही असं नाही. सेकंदाला १००० कोटी अशा वेगाने ४० नॅनोमीटरचा नमुना ओढला तर टोकं सेकंदाला ४०० मीटर वेगाने दूर जातात, आणि एका झुबक्याने कूस बदलल्याची खबर दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत सगळे आपापले हललेले असतात. सेकंदाला १० कोटी ठेवा. २० टक्के स्ट्रेनला दहा लाख पावलं, परवडतं. १ कोटीला एक कोटी पावलं. शेवटच्या, छापायच्या रनसाठी राखून ठेवा. पण कच्च्या काचेला कितीही सावकाश ओढा, शेंडा फुटणार नाही. म्हणून आधी काच.

थर्मोस्टॅटची वेळ पावलाच्या शंभरपट आणि बॅरोस्टॅटची हजारपट, म्हणजे आपल्या २ फेम्टोसेकंदाच्या पावलाला ०.२ आणि २ पिकोसेकंद. इथून सुरू करा आणि विसरा. तापमान ५० ते ३०० केल्विनच्या दरम्यान. संक्रमण तापमानाजवळ गेलात तर पक्की काचही वाहणारच.

बँड आहे, दिसत नाहीये

ओव्हिटोचा अॅटॉमिक स्ट्रेन मॉडिफायर लावताना कटऑफ (किती अंतरापर्यंतचे शेजारी धरायचे तो आकडा) बघा. मी ३ अँगस्ट्रॉम ठेवला होता. झिर्कोनियमच्या दोन शेजाऱ्यांमधलं अंतरच त्याहून जास्त असतं, त्यामुळे बरेच शेजारी हिशेबातून सुटतात आणि स्ट्रेनवर विश्वास ठेवता येत नाही. ४ च्या आसपास ठेवा, आपल्या त्रिज्य वितरण फलनाच्या (किती अंतरावर किती शेजारी, त्याच्या वक्राच्या) पहिल्या दरीपाशी.

रंगांची पट्टी दर फ्रेमला आपोआप जुळवू देऊ नका. एखादा पृष्ठभागावरचा उडाणटप्पू अणू स्ट्रेन ५ दाखवतो आणि बाकी सगळे त्याच्यापुढे फिके पडतात. ० ते ०.४ अशी पट्टी बांधून टाका. बरेचदा एवढ्यानेच बँड उगवतो.

डंप फाइलमध्ये अणूचा आयडी लिहिलाय ना? समांतर रनमध्ये अणूंचा क्रम बदलत राहतो; आयडी नसेल तर ओव्हिटो एकाच्या जागी दुसऱ्याला धरतं आणि सगळा नमुना रंगपंचमीला निघाल्यासारखा दिसतो. संदर्भ म्हणून ओढण्याच्या अगदी आधीची फ्रेम द्या, द्रवाची नव्हे. हसू नका, झालेलं आहे.

स्ट्रेनचं चित्र तरी गढूळ असेल तर त्याच मॉडिफायरमध्ये नॉनअफाइन विस्थापनाचा पर्याय आहे. फॉक आणि लँगर यांनी १९९८ मध्ये मांडलेलं हे माप: शेजाऱ्यांच्या एकसंध ताणण्याने जे समजावता येत नाही तेवढंच हलणं वेगळं काढायचं. कूस बदलणारे झुबके त्यात ठळक उठून दिसतात. सुरुवातीच्या टप्प्यात, शेंड्याच्या आधी, मी तेच बघते.

आणि कधी कधी बँड नसणं हेच बरोबर असतं

नमुना फार बारीक असेल तर खऱ्या जगातही बँड येत नाही. कॅलटेकच्याच जांग आणि ग्रीर यांनी २०१० मध्ये झिर्कोनियमच्या धातू-काचेचे १०० नॅनोमीटर आणि त्याहून जास्त जाडीचे खांब ओढून पाहिले. जाड खांब बँडने तुटले, बारीक खांब लवचीक धातूसारखे गळ्यापाशी बारीक होत गेले. त्यामुळे काच पक्की, वक्र शहाणा, सीमा बरोबर, चित्र स्वच्छ, आणि तरीही १० नॅनोमीटरची तार नुसती बारीक होत गेली, तर मार्गदर्शकांना तसंच सांगा. मारूनमुटकून बँड काढू नका.

स्फटिकी मिश्रधातूवर काम करणाऱ्यांनी यातलं काच पक्की करण्याचं प्रकरण सोडून द्यावं. तिथे डिस्लोकेशन असतात आणि त्यांना शोधायला ओव्हिटोत वेगळी हत्यारं आहेत. हिशेबाचा भाग मात्र शब्दशः लागू.

मधेच वीज गेली तर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, लोक मगरींच्या बातम्या बघत होते आणि मी इन्व्हर्टरचा काटा. ओढण्याचा रन निम्म्यावर होता. डेटा फाइलवरून परत सुरू केला आणि वक्राचं पुढचं अर्ध गाडं शून्यापासून सुरू झालं. डेटा फाइलला मूळ लांबी माहीत नसते. तिला आत्ताचा ताणलेला बॉक्सच मूळ वाटतो. तेव्हापासून दर एक लाख पावलांना बायनरी रीस्टार्ट फाइल लिहून घेते, आणि मूळ लांबीचा आकडा वहीत पेनाने.

मदत मागायची असेल तर चित्र पाठवू नका. चित्रावरून मला काहीच कळत नाही. थंड केल्याचा वेग, नमुन्याची तिन्ही मापं, कोणत्या दिशा पिरिऑडिक, फिक्स डिफॉर्मची ओळ, पेअर कोएफची ओळ आणि स्ट्रेस-स्ट्रेनचा वक्र, एवढं पाठवा. थंड केल्याचा वेग सेकंदाला १० लाख कोटी असेल तर पाठवायच्या आधी एकदा वरचा काकांचा भाग परत वाचा.